कोनाड्याचं काय?

वाड्याच्या कागदांवर सही करून घरी आलो, तेव्हा आईने एकच प्रश्न विचारला, "देवाच्या कोनाड्याचं काय रे?"

बिल्डरच्या नकाशात लिफ्ट होती, पार्किंग होते, कोनाडा नव्हता. मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले आणि माडीवर सटकलो.

तिथे मुलीचे कलेवरचे एक पुस्तक उघडे पडले होते. (माझी स्वतःची चित्रकला डोंगर, नदी आणि उगवता सूर्य यांच्यापलीकडे कधी गेली नाही.) त्यात एका घराचे छायाचित्र होते. घर म्हणायचे खरे, पण त्याला दार नव्हते, छप्पर नव्हते, खिडक्यांच्या जागी करडे चौकोन. हकीगत वाचली आणि जेवणाची हाक आलेली कळलीच नाही.

पूर्व लंडनमध्ये ग्रोव्ह रोडवर जुन्या घरांची एक रांग होती. ती पाडून तिथे हिरवळ करायची ठरले. रेचेल व्हाइटरीड या शिल्पकार बाईंनी १९९३ साली त्यातले शेवटचे घर मागून घेतले. खाली नवा पाया घातला, खोल्यांच्या भिंतींवर आतून काँक्रीटचे फवारे मारले आणि थर पक्का झाल्यावर बाहेरच्या विटा, दारे, चौकटी सोलून काढल्या. साच्यातून कुल्फी काढावी तसे! उरली ती त्या घराच्या पोटातली पोकळी, घट्ट झालेली. भिंतीत आत गेलेली शेकोटी आता बाहेर फुगून आली होती. विजेच्या बटणांचेसुद्धा ठसे उठले होते.

लोक अर्थातच भांडले. एकाने त्या भिंतीवर रंगवले, 'कशासाठी?' त्याखाली उत्तर आले, 'का नाही?' २३ नोव्हेंबरला बाईंना टर्नर पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. रक्कम २० हजार पौंड. त्याच दिवशी दुसऱ्या एका मंडळीने त्यांना सर्वांत वाईट कलावंत ठरवून ४० हजार दिले! आणि त्याच संध्याकाळी स्थानिक नगरसमितीने ठरवले, मुदत वाढवायची नाही. उचलून संग्रहालयात नेण्याजोगी ती वस्तू नव्हती. ज्या जागेवर ती माणसे जेवली, झोपली, त्याच जागेवर तिला अर्थ. ११ जानेवारी १९९४ रोजी यंत्र आले आणि ती पाडली.

मी त्या गल्लीत राहत असतो, तर 'कशासाठी?' लिहिणाऱ्याला रंगाचा डबा मीच धरला असता. पण त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर आमचा वाडा तसाच उलटा उभा राहिला. फडताळे बाहेर आलेली, खुंट्यांच्या जागी भोके, आणि माजघराच्या भिंतीतून उशीएवढा बाहेर आलेला कोनाडा.

पुस्तक घेऊन खाली गेलो. आईने चष्मा लावून चित्र पुष्कळ वेळ पाहिले.

"आत जायची वाट कुठून?"

"वाट नाही. आत सगळं भरलेलं आहे."

"मग दिवा कुठे लावायचा?"

मला उत्तर सुचले नाही. सकाळी टेप काढली. कोनाडा रुंदीला चौदा इंच भरला, खोलीला नऊ. टेपचे दुसरे टोक आईने धरले होते. काजळीने तिची बोटे काळी झाली, ती तिने पदराला पुसली आणि म्हणाली, "उंची पण लिही. बिल्डरला दाखवायला लागेल."