भावकाची शोकांतिका : ‘द डिसायपल’च्या निमित्ताने

गायकाची कथा सांगणाऱ्या भारतीय चित्रपटांनी आणि नाटकांनी एक आराखडा रूढ केला आहे. उपजत गळा लाभलेला एक तरुण किंवा तरुणी, घरातील दारिद्र्य अथवा धाक, एखादा निष्ठुर गुरू किंवा बाप, आणि शेवटी टाळ्यांनी भरून गेलेले सभागृह. अद्वैत चंदन यांच्या ‘सीक्रेट सुपरस्टार’ (२०१७) मधील बडोद्याची इन्सिया बुरख्याआड राहून गाते आणि अखेरीस स्वतःच्या चेहऱ्यानिशी लोकांपुढे येते. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकातील सदाशिव प्रतिस्पर्ध्याच्या हवेलीत चाकर म्हणून राहून विद्या मिळवतो. या कथांतील हालअपेष्टांना एक निश्चित कार्य असते. जितके सोसावे तितके पदरात पडते, अशी हमी त्या प्रेक्षकाला देतात. या हमीच्या मुळाशी एक गृहीतक आहे. गुण अंगी आहेतच, अडथळा तेवढा बाहेर आहे. अडथळा गळ्यातच असेल, किंबहुना गळ्याच्याही मागे कोठे तरी असेल, तर या आराखड्याचे काय होते, हा प्रश्न तो सहसा उपस्थितच होऊ देत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ (२०२०) या मराठी चित्रपटाने हाच प्रश्न मध्यभागी ठेवला. व्हेनिसच्या महोत्सवात त्याच वर्षी पटकथेचा पुरस्कार त्याला मिळाला, आणि ३० एप्रिल २०२१ रोजी नेटफ्लिक्सवरून तो सर्वत्र पोहोचला. त्याचा नायक शरद नेरुळकर हा मुंबईत शास्त्रीय गायन शिकणारा चोवीस वर्षांचा तरुण आहे. गुरुजींच्या मैफलीत तो मागे तानपुरा धरून बसतो, दुर्मीळ ध्वनिमुद्रणांचा व्यवहार करणाऱ्या एका छोट्या व्यवसायात नोकरी करतो, आजीच्या घरी राहतो, आणि आजारी गुरूचे अंग रगडण्यापासून औषधपाण्यापर्यंत सारी सेवा करतो. हाल येथेही आहेतच, पण त्यांचे मोल कोणी चुकते करीत नाही. स्पर्धेत त्याचा क्रमांक येत नाही, आणि पुढेही येण्याची चिन्हे दिसत नाहीत.

शरदच्या आयुष्यात दोन गुरू आहेत. एक समोर बसलेले, वृद्ध आणि थकलेले. दुसऱ्या माई, त्याच्या गुरूंच्याही गुरू, केवळ आवाजाच्या रूपाने उरलेल्या. माईंनी आपले गाणे कधी ध्वनिमुद्रित होऊ दिले नाही. मागे राहिली आहेत ती त्यांची व्याख्याने. रात्रीच्या निर्जन रस्त्यांवरून मोटारसायकल संथपणे जात असते, पार्श्वभागी तानपुरा झंकारत असतो, आणि शरदच्या कानांत साधना, त्याग व एकाकीपण यांविषयीचे माईंचे शब्द उतरत असतात. त्यांना आवाज दिला तो सुमित्रा भावे यांनी. १९ एप्रिल २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. अकरा दिवसांनी चित्रपट घरोघर पोहोचला तेव्हा तो आवाज खऱ्या अर्थानेही मागे उरलेला आवाज झाला होता.

या योजनेतील अर्थ सहज निसटून जाण्याजोगा आहे. शरदचा आदर्श म्हणजे त्याने कधीही न ऐकलेले गाणे आहे. त्याच्यापर्यंत पोहोचते ती त्या गाण्याची मीमांसा. परिभाषेत बोलायचे तर चिन्हक त्याच्या हाती आहे आणि चिन्हित कायमचे हरवलेले आहे. माईंच्या शब्दांची खातरजमा करण्यास त्यांचे एकही आवर्तन उपलब्ध नाही, आणि म्हणूनच त्या शब्दांची सत्ता निरपवाद होते. तो शिष्य आहे तो सिद्धान्ताचा. गायनाचा शिष्य होण्याची त्याची सारी धडपड या पहिल्या शिष्यत्वाच्या छायेत चालते.

संस्कृत काव्यशास्त्राने या अवस्थेसाठी नेमकी संज्ञा घडवून ठेवली आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त प्रतिभेचे कारयित्री आणि भावयित्री असे दोन भेद केले. पहिली निर्मात्यावर उपकार करते, दुसरी आस्वादकावर. दोन्ही एकाच ठिकाणी असतीलच असे नाही, हेही तेथे एका दृष्टान्ताने सुचवले आहे. एका दगडातून सोने निघते आणि त्या सोन्याची पारख दुसऱ्याच दगडावर होते. शरदची शोकांतिका या भेदाच्या प्रकाशात वाचता येते. त्याची भावयित्री प्रतिभा तल्लख आहे. आपल्या आलापात काय नाही ते त्याला इतरांच्या आधी ऐकू येते. ही शक्ती थोडी उणी असती तर तो समाधानी, मध्यम प्रतीचा गवई झाला असता. कारयित्री थोडी अधिक असती तर प्रश्नच उरला नसता. दोहोंमधील अंतर हेच त्याचे दुःख आहे, आणि रियाज वाढवून ते मिटत नाही. अभ्यासाने कान आणि गळा दोन्ही तयार होतात. त्याच्या बाबतीत मात्र कान नेहमी पुढे राहतो.

हे अंतर दाखविण्याची रीत चित्रपटाच्या रूपबंधाशी निगडित आहे. शरदची भूमिका करणारे आदित्य मोडक आणि गुरुजींची भूमिका करणारे अरुण द्रविड हे दोघेही मुळात गायक आहेत. त्यामुळे उसन्या आवाजावर ओठ हलविण्याचा नेहमीचा संकेत येथे गळून पडतो. कॅमेरा दूरवर स्थिर राहतो, गाणे बराच वेळ चालते, आणि ते चांगले की उणे याचा निर्वाळा देणारा प्रतिसाद प्रेक्षकाला फारसा मिळत नाही. ज्याला रागाची ओळख नाही असा प्रेक्षकही काहीसा अस्वस्थ होतो. काही तरी बेतशीर आहे पण उमलत नाही, एवढे त्याला जाणवते. अशा रीतीने परीक्षा प्रेक्षकाच्याही भावयित्रीची होते.

भावकाचे चार प्रकार राजशेखराने मानले : काहीच न रुचणारा अरोचकी, बरेवाईट सारेच गिळणारा सतृणाभ्यवहारी, मत्सरी आणि तत्त्वाभिनिवेशी. शरदचा प्रवास यांतील एका टोकाकडून दुसरीकडे घसरत जातो. तत्त्वाभिनिवेशाने सुरू झालेले ऐकणे हळूहळू अरोचकतेत आणि मत्सरात बदलते. दूरदर्शनसंचावरील गायनस्पर्धेत साध्या वेशात आलेल्या मुलीचे रूपांतर झगमगीत गायिकेत होताना तो पाहत राहतो. महाजालावरील आपल्या गाण्याखालचे शेरे वाचतो. फ्यूजन वाद्यवृंदात गाण्याची परवानगी मागणाऱ्या विद्यार्थ्याला, गेलास तर परत येऊ नकोस, असे बजावतो. एक संग्राहक-समीक्षक माई आणि गुरुजी यांच्याविषयी कटू गोष्टी सांगू लागतो, तेव्हा शरद हातातील ग्लास त्याच्या तोंडावर रिकामा करतो. त्या संतापाचे कारण उघड आहे. गाणे हरवलेच आहे. आता त्याविषयीचे शब्दही हिरावले जात आहेत.

साहित्याच्या अभ्यासकांना हा चित्रपट परका वाटू नये. विद्यापीठांतील मराठी विभागांत कवितेच्या ओढीने आलेले किती तरी विद्यार्थी कवी होत नाहीत. प्रबंध लिहितात, अध्यापक होतात, आणि आपण मूळ वाटेवरून ढळलो ही सल मनात बाळगून पुढच्या पिढीला कविता शिकवतात. ज्या शास्त्राने भावकाला स्वतंत्र प्रतिभेचा धनी मानले, त्याचेच अध्यापन करणारी व्यवस्था भावकाला हुकलेला कवी समजते, ही विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. तिचे परिणाम केवळ मानसिक नाहीत. स्वतःला हुकलेला समजणारा शिक्षक विद्यार्थ्याच्या कोवळ्या प्रयत्नावर शरदच्याच स्वरात निकाल देतो. विद्यार्थी निघून जातो, आणि कठोर निष्ठेचे समाधान तेवढे मागे उरते. कसोटीच्या दगडाला आपण सोने नाही याची लाज वाटू लागली की त्याची पारखही दूषित होते.

अखेरच्या भागात शरद भर मैफलीत गाणे थांबवून उठून जातो. पुढे तो ध्वनिमुद्रणांच्या व्यवसायात स्थिरावलेला दिसतो. जे गळ्याने साधले नाही ते जतन करण्याचे काम त्याच्या वाट्याला येते. काही समीक्षकांना ही तडजोड वाटेल. तथापि शेवटचे दृश्य या निर्णयाला अधिक मोकळे ठेवते. पत्नी आणि मुलीसह तो रेल्वेच्या डब्यात बसलेला असतो. हातात एकतारी घेतलेला एक फिरस्ता गायक गात गात डब्यातून पुढे सरकतो. त्याच्या गाण्याला घराणे नाही, व्याख्यान नाही, स्पर्धा नाही. शरद ऐकतो. चेहऱ्यावर दुःख आहे की निवृत्ती, हे चित्रपट सांगत नाही. एवढे मात्र दिसते की या गाण्याशी त्याला स्वतःचे गाणे ताडून पाहावे लागत नाही. गायक पुढच्या प्रवाशांकडे जातो, गाडी चालत राहते, आणि शरद श्रोता म्हणून जागेवर बसून राहतो.