तयारी

मंडळीत आपण 'तयारी' हा शब्द फार सहज वापरतो. कोणी गेले की विचारतात, "तयारी होती का हो त्यांची?" दीर्घ आजार असेल तर उत्तर सोपे असते. पाळकसाहेब येऊन गेलेले असतात, प्रभुभोजन दिलेले असते, मुलेबाळे उशाशी असतात. पण जो माणूस दुपारी कुटुंबाला घेऊन सहलीच्या बोटीत बसला आहे, त्याचे काय?

18 डिसेंबर 2024, बुधवार. गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक स्पीडबोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि ताबा सुटला. प्रवासी बोटीवर शंभरावर माणसे होती. पंधरा जण गेले, त्यांत लहान मुलेही होती. बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. वाचलेल्यांपैकी अनेकांना उरणच्या जेएनपीटी रुग्णालयात आणले. आम्हां नवी मुंबईकरांना ते पाणी परके नाही. आमच्याकडे तेव्हा नाताळची गाणी बसवणे चालू होते. आगमनकाळाचा शेवटचा आठवडा, म्हणजे 'जागे राहा' हा उपदेश ऐकण्याचे दिवस!

त्या रविवारी उपासनेनंतर चहा घेताना एक वडीलधारे बंधू म्हणाले, "त्यांतले किती जण प्रभूला ओळखत होते कोण जाणे." माणूस वाईट नाही, काळजीनेच बोलले. पण माझ्या हातातला चहा निवून गेला. कारण हाच प्रश्न मी तेरा वर्षांपूर्वी माझ्या घरात ऐकला होता.

माझे यजमान 2011 साली गेले. सकाळी दूध आणायला म्हणून उतरले आणि जिन्यातच कोसळले. सांत्वनाला आलेल्या एका बाईंनी विचारले, "शेवटी प्रभूचे नाव घेतले का हो त्यांनी?" घेतले असेल तर ऐकायला जवळ कोणी नव्हते. मी ऐकलेले त्यांचे शेवटचे शब्द होते, "सुटे पैसे कुठे ठेवलेस?"

आता सगळे म्हणतात, पटकन गेले, सुटले, असे मरण भाग्याचे. पूर्वी तसे नव्हते. अँग्लिकन मंडळीच्या जुन्या प्रार्थनापुस्तकातल्या लितानीत युद्ध आणि खुनाच्या जोडीने अचानक येणाऱ्या मरणापासूनही सोडवण्याची विनंती केलेली आहे. त्या लोकांना वेदनेपेक्षा बेसावध जाण्याची भीती जास्त होती. मला दोन्ही बाजू कळतात.

त्या दिवसांत मी लूकच्या तेराव्या अध्यायाशी बरीच भांडले. लोक येशूला पिलाताने मारलेल्या गालीलकरांविषयी सांगतात. तो आपणहून दुसरी घटना काढतो. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा जण मेले होते. एक मरण माणसाच्या हातचे, दुसरे अपघाताचे. ते इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, असे तोच विचारतो आणि तोच स्पष्ट नाही म्हणतो. पुढे पश्चात्तापाविषयीचे कठोर वाक्य आहे, ते मी झाकून ठेवणार नाही. पण ते समोर उभ्या असलेल्या जिवंत माणसांना उद्देशून आहे. मेलेल्यांचा हिशेब त्याने उघडलाच नाही. मग चहाचा कप हातात घेऊन तो आपण का उघडावा?

आणि लगेच पुढे अंजिराच्या झाडाचा दाखला येतो. फळ नाही म्हणून मालक झाड तोडायला निघतो आणि माळी एक वर्ष मागून घेतो, आळे खणायला आणि खत घालायला. मागून घेतलेला वेळ कशासाठी, तर खणण्यासाठी! हे वाचले की मला केडगावच्या पंडिता रमाबाई आठवतात. दुष्काळाने आईवडील नेले, बहीण नेली. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती तोच 1882 मध्ये पती कॉलऱ्याने गेले. मुक्ति मिशनचे काम जिच्या हाती सोपवायचे, ती एकुलती एक मनोरमा 24 जुलै 1921 रोजी गेली. रमाबाईंचे बायबलचे भाषांतर तेव्हा पुरे व्हायचे होते. मुद्रिते संपवण्यापुरते दहा दिवस त्यांनी देवाकडे मागितले आणि तेवढेच मिळाले, असे सांगतात. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. लेक गेल्यावर पुन्हा मुद्रिते तपासायला बसणे, याला मी तयारी म्हणते.

आमच्या घरची तयारी एवढी मोठी नव्हती. यजमानांच्या टेबलाच्या खणात चौथ्या दिवशी मला एक शंभर पानी वही सापडली. पेन्शनचे कागद कुठे, सोसायटीच्या टाकीची किल्ली कोणाकडे, इस्त्रीवाल्याचे किती द्यायचे. मधल्या पानावर दोनच ओळी : नगरच्या घरातला वाटा सोडला आहे, दादाला तसे भेटून सांगितले आहे. त्या घरावरून दोघे भाऊ नऊ वर्षे बोलत नव्हते. भेटायला कधी गेले, मला पत्ताही लागू दिला नाही. शेवटच्या पानावर अंत्यविधीला म्हणायच्या गीतांचे क्रमांक आणि खाली, 'नवा सूट आणू नये, निळा चांगला आहे.' मी त्या दिवसांत पहिल्यांदा हसले. त्यांना निळ्या सुटातच नेले होते, योगायोगानेच.

त्या बाईंना मी ती वही कधी दाखवली नाही. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे असेही मी म्हणत नाही. शेवटच्या क्षणी त्यांचे आणि प्रभूचे काय बोलणे झाले, ते त्या दोघांना ठाऊक. बंधूंना मात्र मी एवढेच म्हणाले, "आपण त्यांच्या घरच्यांसाठी प्रार्थना करू या." केली.

आता माझीही एक वही आहे. लेक चिडते, "आई, कशाला हे अभद्र!" गीते निवडून झाली आहेत, एकाचे कडवे फार लांब आहे म्हणून बदलणार आहे. नातवंडांना सुट्टीत घारापुरीची लेणी पाहायची आहेत. लेक नको म्हणत होती, मी म्हटले जाऊ. त्या अपघातानंतर बोटीत लाइफ जॅकेट सक्तीचे केले आहे. माझ्या मापाचे मिळते का ते पाहायचे आहे, आणि वही कोणत्या खणात आहे ते तिला दाखवून ठेवले आहे.