शहागंजाहून दारूखान्यापर्यंत

बाजारहाटासाठी संभाजीनगरला आलात की शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी पाय थबकतातच. इथून समुद्र कितीतरी दूर. पण घराच्या स्लॅबसाठी आपण घेतो ती सळई कधीकाळी जहाजाचा पत्रा असू शकते!

मुंबईला गेलात तर हार्बर लाइनच्या रे रोड स्टेशनवर उतरून दारूखाना पाहा. भरतीच्या वेळी जुनी जहाजे चिखलात आणतात आणि गॅस कटरने कापतात. १९७१च्या युद्धात गाजलेली विमानवाहू ‘विक्रांत’ २०१४ साली इथेच तोडायला घेतली. १९८३ पासून हा धंदा मुख्यतः गुजरातेत अलंगला वाढला. तिथे राबणारे हात बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाच्या खेड्यांतले.

टाकीत वायू साचला असेल तर एका ठिणगीने स्फोट होतो. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात बसते. आजार वीस-तीस वर्षांनी उठतो. तेव्हा मालक कुठला अन् मजूर कुठला! तेल आणि शिशाचा रंग खाडीच्या गाळात उतरतो.

२०१९च्या कायद्याने जहाजातल्या घातक वस्तूंची यादी सक्तीची केली. आपल्या गावचे पोर अशा कामाला निघाले, तर रोज किती मिळतो हे विचारण्याआधी, टाकी तपासूनच कटर पेटवतात ना, एवढे जरूर विचारा.