आई कुठंय?

मुलांनो, एक गंमत करा. एक डोळा मिटा, दुसऱ्यासमोर वीतभर अंतरावर बोट धरा आणि नजर बोटावरच ठेवा. मागचं घड्याळ पुसट झालं ना? आता जाड कागदाला टाचणीने बारीक भोक पाडा आणि त्यातून तेच पाहा. जरा अंधारं दिसेल, पण घड्याळ बरंच स्पष्ट होईल.

कॅमेऱ्याचंही असंच असतं. भिंगाचं भोक मोठं ठेवलं की मागचं विरघळतं, बारीक केलं की मागचंही उमटतं. आकडे मात्र उलटे. १.८ म्हणजे मोठं भोक, ८ म्हणजे लहान! हे पाठ व्हायला मला महिना लागला. (पाढ्यांवरून आता मी कुणाला रागावत नाही, बरं का.)

मला या पुसट पार्श्वभूमीचा भारी नाद. मुलाला भिंतीपासून चार-पाच पावलं पुढे उभं करायचं, आपण जवळ जायचं, फोकस डोळ्यांवर धरायचा. की भिंतीचे पोपडे, दोरीवरचे कपडे, सगळं गायब! मोबाइलही असा फोटो काढतो, पण तो अंदाजाने पुसतो. कधी कधी वेणीसुद्धा खातो.

दिवाळीच्या सुमारास आमच्या गावातली बरीच घरं ऊसतोडीला जातात. चौथीतली एक मुलगी यंदा आजीजवळ राहणार होती. ट्रॅक्टर निघायच्या आधी म्हणाली, "बाई, फोटू काढा."

काढला. चेहरा लख्ख, मागे मऊ मऊ रंग. मी खूश! ती मात्र कितीतरी वेळ पाहत राहिली.

"बाई, आई कुठंय?"

मागचा तो लाल डाग म्हणजे तिची आई होती. ट्रॉलीत भांडी बांधत होती.

मी ओशाळले. भोक ८ वर आणलं, मागे सरले. आता आई आली, पण पिंप, पोती, कुत्री, शेजारीपाजारी सगळेच तितकेच स्पष्ट. त्यात आई शोधावी लागत होती.

"मी पुसट आले तरी चालंल की," ती म्हणाली. "मी हितंच हाय."

मग पुन्हा १.८. या वेळी फोकस आईवर. कडेला जवळून दिसणारी एक धूसर वेणी, आणि पलीकडे दातांत दोरी धरून गाठ मारणारी आई. तिच्या पुढची-मागची गर्दी विरून गेली होती.

तालुक्याहून फोटो छापून आणला. तो कंपासपेटीच्या झाकणात मावेना, म्हणून तिने कात्री घेतली आणि कडेची वेणी कापून टाकली.