पहाटेची टिकटिक

झडप बदलून ७ महिने झाले. लहानपणी सांधे धरून आलेल्या तापानं ती खराब केली होती. आता दिवसभर मी ठणठणीत... पण सकाळ काही केल्या माझी होईना! उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, चहाचा वाससुद्धा नको.

नवी झडप तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेच्या बनावटीची. १९९० साली ती पहिल्यांदा माणसाला बसवली. पहाटे तिची टिकटिक ऐकू येते. आमचं तेरखेडा फटाक्यांचं गाव. तोट्यांच्या आवाजात वाढलेला मी या एवढ्याशा आवाजाला घाबरायचो. थांबली तर? आईला मात्र "पित्त झालंय" म्हणून सांगायचो.

वॉरफेरिन चालू असल्यानं आयएनआरची तपासणी ठरलेली. मागच्या खेपेला डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी आधी झोपवून, मग उभं करून रक्तदाब मोजला. उभं राहताच चांगलाच खाली! इको केला, झडप छान चालली होती. लघवीची आणि रक्तदाबाची गोळी मी उठल्याबरोबर उपाशीपोटी एकदम घेत होतो. त्यांनी एकीचा डोस कमी केला, वेळा बदलल्या. आता उठल्यावर दोन मिनिटं पाय खाली सोडून बसतो. बराच फरक आहे.

परवा आईला खरं सांगितलं. म्हणाली, "पित्त नाही ते ठाऊक होतं रे. तू झोपलास की उशाशी बसून मीपण ऐकायचे."

असो. मंडळी, मनानं गोळी बंद करू नका, आणि लपवूही नका.