उलटी खोकी

"काका, रनवे संपला," एवढे तीनच शब्द त्या तरुणाने दूरध्वनीवर उच्चारले, तेव्हा भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी बनविण्यात उभी हयात घालविलेल्या मला क्षणभर वाटले की स्वारी विमानतळावरून बोलत असावी. शिलकीतला पैसा किती महिने पुरेल त्या हिशेबाला रनवे म्हणतात, हे ज्ञान मला अकरा लाखांची उधारी अडकल्यावर प्राप्त झाले.

२०२१ साल ते! त्या एका वर्षात देशातल्या चाळीसहून अधिक नवउद्योगांचे मूल्य अब्ज डॉलरांवर गेले होते. याचा धंदा घरपोच मसाल्यांचा. बाणेरच्या कचेरीत पितळी घंटा टांगलेली, आणि मागण्यांचा नवा उच्चांक झाला की ती वाजे. प्रत्येक पुड्यामागे तोटा कसा, असे मी विचारले, तर तो 'बर्न' असून गुंतवणूकदारांना मान्य आहे, असे त्याने मोठ्या प्रसन्नतेने सांगितले. इकडे क्राफ्ट कागदाचे भाव कडाडलेले, आणि पंचेचाळीस दिवसांची मुदत नव्वदांवर गेलेली. पुढच्या वर्षी परदेशी भांडवलाचा ओघ आटला आणि घंटा मुकी झाली.

पैशाचे दुःख एक वेळ गिळता येते. पण गोदामात पडून राहिलेल्या, हसऱ्या मिरचीचे चित्र छापलेल्या त्या चौदा हजार खोक्यांचे काय करावे? दुसऱ्याचे नाव मिरविणारे खोके रद्दीवाल्याखेरीज कोणी घेत नाही. अखेर आमच्या फोरमनने युक्ती काढली: पिना उपसायच्या, घडी उलटी मोडायची, मिरची आत घालून पुन्हा पिना मारायच्या. दोन महिने चार माणसे हेच करीत होती, आणि ती उलटी खोकी एका पेरूच्या व्यापाऱ्याने पडत्या भावाने उचलली.

२००६ च्या कायद्यान्वये लघुउद्योगाचे देणे पंचेचाळीस दिवसांपलीकडे थकविणाऱ्यास बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने, द्यावे लागते; दरखास्त करण्यास परिषदही आहे. परंतु रिकाम्या तिजोरीवर हुकूमनामा बजावून वसूल काय होणार? सरकारने २०१६ च्या जानेवारीत नवउद्योगांसाठी 'स्टार्टअप इंडिया'चा डंका पिटला, सवलती दिल्या, हे ठीकच; पण त्यांना माल पुरविणाऱ्याची उधारी हेही भांडवलच असते, आणि त्याबद्दल त्याला कंपनीचा एक समभागही मिळत नाही, याची नोंद कोणत्या दप्तरात आहे?

असे मी चारचौघांत तावातावाने बोलतो खरा. मात्र माझा स्वतःचा कारखाना एका कागदवाल्याच्या सहा महिन्यांच्या बिनव्याजी उधारीवरच उभा राहिला होता; मी ती फेडली, हा फरक मोठा खरा, पण त्या वेळी तो त्याला तरी कुठे ठाऊक होता? शिवाय या मुलाने उरलेल्या पैशांतून आधी कामगारांचे दोन महिन्यांचे पगार चुकते केले, हे कळल्यावर रागालाही धड धार राहिली नाही.

गेल्या महिन्यात तो नवा धंदा घेऊन आला. पाच हजार खोकी, छपाई साधी. निम्मी रक्कम मी आगाऊ मोजून घेतली. उरलेलीची मुदत त्याने विचारली आणि माझ्या तोंडून, कोण जाणे कसे, 'पंचेचाळीस दिवस' असे निघून गेले.