येऊरचा चढ

शनिवारी पहाटे पाचलाच डोंबिवलीहून सायकल काढली. शीळफाटा, मुंब्रा, कळवा, ठाणे. उपवनच्या पुढे येऊरचा चढ लागला आणि मांड्या बोलायला लागल्या. डोक्यात मात्र एकच: ऑनसाइटला माझ्याऐवजी मित्र चाललाय, आणि पंधरा दिवस मी त्याच्याशी धड बोललेलो नाही.

मग रॉग्लिच आठवला. 2020च्या टूर द फ्रान्समधे गडी 57 सेकंदांनी पुढे होता. शेवटच्या आदल्या दिवशी, डोंगरावर संपणाऱ्या टाइम ट्रायलमधे पोगाचारने टूर हिसकावली, 59 सेकंदांनी. तरी रॉग्लिचने जाऊन त्याला मिठी मारली. आणि पंधराच दिवसांत लिएजची शर्यत जिंकली!

वर पोचलो आणि तसाच फोन लावला. "अभिनंदन रे!"

"एवढ्या सकाळी? आणि धापा का टाकतोयस?"

असो. त्याला निघायला अजून तीन शनिवार आहेत. पुढच्या शनिवारी त्यालाही येऊरला नेतोय.